पिवळा ठिपका

माझ्या वर्गात एकेचाळीस मुलं आहेत आणि एकेचाळीसही जणांवर माझं सारखं लक्ष असतं, असं मी गेली एकोणतीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. त्यामुळे जिल्ह्यातून लक्ष-चष्म्याच्या प्रयोगासाठी चाळीस शिक्षक निवडले आणि पाथरवळच्या शाळेतून माझं नाव गेलं, तेव्हा मला कसलीच धास्ती वाटली नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता यंत्रच काय ते सांगेल. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

चष्मा दिसायला साधा होता. एका काडीत तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा बाहेर बघणारा, दुसऱ्या काडीत तसाच एक माझ्या डोळ्याकडे बघणारा. पुण्याच्या संशोधन संस्थेतून डॉक्टर यास्मिन मुजावर आम्हाला समजावून द्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, गळ्यात ओढणी गुंडाळलेल्या, आणि बोलताना हातवारे करणाऱ्या.

"शेळकेबाई, हात लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा," त्या म्हणाल्या. "एका वेळी आपल्याला स्वच्छ दिसतं ते जेमतेम तेवढंच. बाकी सगळं धूसर. डोळा दर सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, चिंध्या गोळा करतो, आणि मेंदू त्या जोडून आपल्याला अख्खी गोधडी दाखवतो. उडी चालू असते तेवढा वेळ आपण चक्क आंधळे असतो. पण तसं कधी वाटतं का? नाही. मेंदू बेमालूम शिवतो."

"मग यंत्र काय करणार?"

"डोळा कुठे टेकला ते मोजणार. आणि डोळ्यातली बाहुली. मन एखाद्या गोष्टीत गुंतलं की बाहुली किंचित मोठी होते. ते आपल्या हातात नसतं, लबाडी करता येत नाही. डोळा टेकला आणि मनही गेलं, तर पडद्यावर हिरवा ठिपका. डोळा नुसताच फिरून गेला, तर राखाडी."

पडद्याच्या कोपऱ्यात तिसराही रंग होता, पिवळा. तो कशाचा, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तो यंत्राला लगेच ओळखता येत नाही. तुमच्या डोळ्याची सवय व्हायला त्याला दोन महिने लागतात. तेव्हा सांगते."

नोंद शिक्षकाच्या मालकीची होती. माझ्या अंगठ्याशिवाय ती कुणाला उघडता येत नव्हती, मुख्याध्यापकांनाही नाही. नव्वद दिवस राहायची, मग पुसली जायची. एकच अट होती. मी स्वतःपुरतं काहीही बघू शकत होते, पण नोंद पुरावा म्हणून दुसऱ्यापुढे ठेवायची तर सगळीच ठेवावी लागे. लोक सोयीचा तुकडा दाखवतात आणि बाकीचा झाकतात, म्हणून हा नियम. मला तो फार आवडला होता. करमाळ्याच्या शिबिरात मी त्याचं भाषणातून कौतुकही केलं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की मी खिडकीकडच्या मुलांना जास्त प्रश्न विचारते. मी ते दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात माझा वर्ग हिरव्या ठिपक्यांनी नुसता बहरला होता. दळवीसरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, राज्य पुरस्कारासाठी माझी फाईल पाठवली.

आता कोयनाबद्दल सांगते. कोयना कॅप्टन काळे. कॅप्टन हे तिच्या वडिलांचं नाव, फासेपारध्यांत अशी नावं ठेवतात. गावाबाहेर माळावर त्यांची आठ पालं आहेत. पूर्वी इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीलाच जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा जाऊन जवळजवळ नव्वद वर्षं झाली, पण कायदा जातो आणि गाव तिथंच राहतं. कोयना सातवीत होती, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर एकटी बसायची. मी तिला दोनदा पुढे बोलावलं होतं. आली नाही. लाजाळू आहे, म्हणून मी सोडून दिलं.

पोरगी विज्ञानात विलक्षण होती. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघून तिनं मला विचारलं होतं, "बाई, ह्या पेशीला ठाऊक असतं का ती कांद्याची हाय ते?" जिल्ह्याच्या निवासी विज्ञान विद्यालयाच्या परीक्षेत ती तालुक्यात पहिली आली. बारावीपर्यंत राहणं, शिकणं, प्रयोगशाळा, सगळं तिथंच. फक्त शाळेचा वर्तनाचा दाखला जायचा राहिला होता. माझी पारधी मुलगी निवडली गेली, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. त्यात 'माझी' आणि 'पारधी' हे दोन्ही शब्द मी सारख्याच जोरात म्हणायची.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, प्रयोगशाळेतला हातात मावणारा सूक्ष्मदर्शक गेला.

मधल्या सुट्टीआधी तो कपाटात होता, सुट्टीनंतर नव्हता. प्रयोगशाळा आमच्या वर्गाला लागून. मी वर्गात सांगितलं आणि दप्तरं तपासली. एकट्या कुणाचं दप्तर तपासायचं नाही, तपासायची तर सगळ्यांची, हा माझा जुना नियम. सुरुवात शेवटच्या बाकापासून करायची, हाही. सूक्ष्मदर्शक सापडला नाही.

शुक्रवारी दळवीसरांनी बोलावलं.

"बाई, तिनंच घेतला असं मी कुठं म्हणतोय?" ते म्हणाले. "पण दाखल्यावर सही माझी. 'वर्तनाबद्दल शंका नाही' असं लिहायचं तर शंका नको ना? उद्या तिकडं काही हरवलं की माझ्या नावानं शिमगा. शाळा समितीचे अप्पासाहेबही तेच म्हणतात."

"पण ती काय म्हणते?"

"अख्खी मधली सुट्टी वर्गातच होते, म्हणते. तुम्हीही वर्गातच डबा खात होतात. तुम्ही पाहिलंत का तिला? पाहिलं असेल तर प्रश्नच मिटला."

मी खरोखर आठवून बघितलं. डब्यात मेथी होती हे आठवलं. बाहेर मुलांचा चेंडू खिडकीच्या गजावर आपटला होता, तेही आठवलं. कोयना आठवेना.

"माझं लक्ष नव्हतं, सर."

"मग तसंच लिहून द्या. खोटं लिहा असं मी कधीच सांगणार नाही."

मी लिहून दिलं. चष्म्याची नोंद उघडून बघावी, हे मला तेव्हा सुचलंही नाही. 'मधल्या सुट्टीत सदर विद्यार्थिनीकडे माझे लक्ष नव्हते.' खाली सही केली. सोमवारी समितीपुढे निर्णय होणार होता. एक अक्षरही खोटं न लिहिता एखाद्याचं वाटोळं करता येतं, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

कोयना व्हरांड्यात थांबली होती.

"बाई, सांगितलं न्हवं सरांना? मी वर्गातच होते त्ये?"

"मला नाही गं आठवत, बाळा."

"तुमी बघत होता की."

"माझं लक्ष नव्हतं."

तिनं वाद घातला नाही. रडलीही नाही. "बरं, बाई," म्हणाली आणि गेली. तिनं भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी डॉक्टर मुजावर दुसऱ्या महिन्याची तपासणी करायला आल्या. शाळा सुटली होती. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "यंत्रात दिसेल का? माझा डोळा तिच्याकडे गेला होता का, एवढंच मला बघायचंय."

मी अंगठा टेकवला. गुरुवारची मधली सुट्टी पडद्यावर उघडली. माझा डबा, मेथी, खिडकी. आणि समोर, अगदी माझ्या टेबलाच्या रेषेत, शेवटच्या बाकावर कोयना. बाहेरच्या कॅमेऱ्यात ती घंटेपासून घंटेपर्यंत होती. वर्गाबाहेर तिनं पाऊलही टाकलं नव्हतं.

मला हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी ठिपके चालू केले. खिडकीवर हिरवे, डब्यावर राखाडी. आणि कोयनावर पिवळे. अकरा.

"आता सांगा पिवळा म्हणजे काय," मी म्हटलं.

"डोळा टेकला. बाहुली मोठी झाली, म्हणजे मन तिथं पोचलं. आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात डोळा तिथून पळाला. अशा माणसाला नंतर विचारलं तर तो शपथेवर सांगतो की मी पाहिलंच नाही. आणि तो खोटं बोलत नसतो. शोधनिबंधात आम्ही त्याला लांबलचक नाव दिलंय. माझी आजी त्याला कानाडोळा म्हणायची."

"पण मी कशाकडे कानाडोळा करू? मुलगी डबा खातेय."

"थांबवून बघूया."

त्यांनी पहिला ठिपका थांबवला. कोयनाच्या पुढच्या बाकावरच्या तिघीजणी आपापले डबे उचलून तिसऱ्या रांगेत जाऊन बसत होत्या. दुसरा ठिपका. कोयना नळावर जायला उठली आणि वाटेतल्या मुलीनं आपली पाण्याची बाटली झटकन मांडीवर ओढून घेतली. कोयना परत बसली. सुट्टीभर ती पाणी प्यायली नाही. असे अकरा. प्रत्येक वेळी माझा डोळा गेला होता आणि प्रत्येक वेळी खिडकीकडे पळाला होता.

"दप्तरं तपासली तो तास दाखवा," मी म्हटलं. मला का सुचलं कोण जाणे.

पडद्यावर माझाच आवाज आला, "मुलांनो, सूक्ष्मदर्शक हरवलाय." त्याच क्षणी एक ठिपका उमटला. हिरवा, ठसठशीत, शेवटच्या बाकावर. एकेचाळीस मुलांतून माझी नजर पहिली तिच्याकडे गेली होती. आणि मी अजून दप्तराचं नावही काढलं नव्हतं तेवढ्यात कोयनानं आपलं दप्तर उघडून एकेक वस्तू बाकावर मांडायला घेतली होती. वह्या, कंपास, डबा, फणी. दप्तर उलटं करून झटकलं, हात मागे बांधले आणि उभी राहिली. तिथं मात्र पिवळा.

हे तिचं वस्तू मांडणं मी अनेकदा पाहिलं असणार, कारण इतर बायांना मी एकदा म्हटलं होतं की पोरगी फार शिस्तीची आहे. शेवटच्या बाकापासून सुरुवात करायचा माझा नियम केव्हापासूनचा, हेही मी त्या खुर्चीत बसून आठवलं. कोयना पाचवीत आमच्याकडे आली, तेव्हापासूनचा.

"म्हणजे मी खोटारडी," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, यंत्राचाच.

"नाही. दिसलं की काहीतरी करावं लागतं. त्या तिघींना बोलावं लागतं, त्यांच्या घरी जावं लागतं. त्यांच्यात एखादी समितीतल्या कुणाची तरी नात असते."

"अप्पासाहेबांची."

"बघा. मग मेंदू काय करतो, दिसलेलंच गिळून टाकतो. म्हणजे आपण चांगले ते चांगलेच राहतो. चाळीस शिक्षकांपैकी सदतीस जणांच्या नोंदीत पिवळे ठिपके आहेत, फक्त प्रत्येकाचं मूल वेगळं. मी मुजावर आहे बाई, पुण्यात भाड्याचं घर शोधताना समोरच्याचे पिवळे ठिपके मी बिनचष्म्यानं ओळखलेत. आणि तरी माझ्या स्वतःच्या नोंदीत आमच्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाई पिवळ्या आहेत. रोज सकाळी."

रविवारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. मला सारखी आई आठवत होती. मी आठ वर्षांची असेन. वडील गावचे पोलीस पाटील. गावात कुणाच्या कोंबड्या गेल्या होत्या आणि चावडीपुढं एका पारध्याला खांबाला बांधून मारत होते. वडील खुर्चीवर बसून होते. मी आईचं बोट धरून तिथून जात होते. आईनं माझं तोंड आपल्या पदरात घेतलं आणि म्हणाली, "तिकडं बघू नको, बाळा. आपण बघायचं नसतं." पदराला भाकरीच्या पिठाचा वास होता. आईनं ते मायेनं केलं. मला त्या मायेचा आजही राग धरता येत नाही, पण मी त्या पदरात तोंड घालून सेहेचाळीस वर्षं बसले होते.

कोयनाला वाचवायचं तर ती मधली सुट्टी समितीपुढे ठेवायला हवी होती. आणि ती सुट्टी ठेवायची तर दोन महिन्यांची सगळीच नोंद. अप्पासाहेब बघणार, शिक्षण खातं बघणार, पुरस्काराची फाईल जिथं गेली तिथंही नोंद जाणार. एकोणतीस वर्षं शिकवणाऱ्या शेळकेबाई, आणि त्यांच्या डोळ्यानं काय काय टाळलं. खरं सांगायचं तर लाज मला नंतर वाटली. आधी भीती वाटली. डॉक्टरांखेरीज कुणालाच काही माहीत नव्हतं आणि त्या कुणाला सांगणार नव्हत्या. नुसतं गप्प राहायचं होतं. ते मला चांगलं जमत होतं, पुरावाच होता.

सोमवारी दळवीसरांच्या खोलीत अप्पासाहेब होते, कोयना होती आणि तिची आई सुनंदाबाई. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, ती भिंतीशी उभी होती. हे मला दिसलं. मी माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही, पण तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"सर, मी लिहून दिलेलं मागे घेते," मी म्हटलं आणि अंगठा टेकवला.

आधी ती मधली सुट्टी लावली. मधेच पडद्यावर दारात दळवीसर आले. "बाई, झालं का जेवण?" त्यांनी मला विचारलं. शेजारच्याच बाकावर, हाताच्या अंतरावर, कोयना बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवून निघून गेले.

"मी आलो होतो?" दळवीसर पुटपुटले. "मला अजिबात..." पुढचं त्यांनी गिळलं.

मग मी बाकीचं लावलं. ठिपके चालू ठेवून. बाटली, तिघीजणी, मांडलेलं दप्तर. दहा मिनिटांनी अप्पासाहेब उठले. त्यांना त्यांची नात दिसली होती.

"बाई, हे सगळं दाखवायची काय गरज होती? ती वर्गात होती, दिसलं आम्हाला. संपलं."

"नियम आहे, अप्पासाहेब. एक उघडलं की सगळं उघडतं."

ते तरातरा निघून गेले. दळवीसरांनी दाखला पुढे ओढला, 'शंका नाही' असं लिहिलं आणि सही केली. माणूस वाईट नाही. आमच्यापैकी कुणीच वाईट नव्हतं, हीच तर अडचण होती.

मी कोयनापुढे जाऊन उभी राहिले. विद्यार्थ्याची माफी कशी मागतात हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. "तू समोर होतीस आणि मी तुला पाहिलं नाही."

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमी बघत होता. मला ठाऊक होतं."

"कसं?"

"मी त्येच्यासाठीच तर तिथं बसते. तुमच्या टेबलासमोर."

मला काही समजेना. सुनंदाबाई पहिल्यांदाच बोलली. "म्याच सांगितलंय तिला, बाई. आपल्या लोकानं आडोशाला बसायचं न्हाई. कवाबी मोठ्या मानसाच्या नजरंसमोर बसायचं. काय इपरीत झालं तर सांगायला कुनीतरी पायजे."

ती लाजाळू नव्हती. अडीच वर्षं तिनं रोज बाक निवडून मला साक्षीला धरलं होतं. दोनदा मी पुढे बोलावलं तेव्हा ती आली नाही, कारण पुढच्या बाकावर ती माझ्या टेबलाच्या बाजूला पडली असती. एका आईनं लेकीला बघू नको म्हणून शिकवलं होतं, आणि एका आईनं दिसत राहा म्हणून. दोघींनी ते लेकीला जपण्यासाठीच सांगितलं होतं. त्या दोन लेकी एकमेकींसमोर डबा खात होत्या.

सूक्ष्मदर्शक अजून सापडलेला नाही. पुरस्काराची फाईल परत आली, वर एक कोरडं पत्र होतं. शिक्षकांच्या खोलीत काही बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या, आणि प्रयोगातल्या दुसऱ्या शाळांच्या दोघीतिघींनी आपापले चष्मे परत केले. त्या तीन मुलींच्या घरी मी जाऊन आले. एका घरी चहा मिळाला, दोन घरी मिळाला नाही. कोयना जूनमध्ये जाईल.

पण त्या सोमवारनंतरच्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. मधली सुट्टी झाली. मी चष्मा काढून खणात ठेवला, डबा उचलला आणि सगळ्या वर्गादेखत शेवटच्या बाकावर कोयनाशेजारी जाऊन बसले. मला वाटलं, आता तरी आपण बरोबर काहीतरी करतोय. तिनं घास हातात तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली,

"बाई, तुमी टेबलापाशीच बसा. तिथनं मी नीट दिसते."

मी उठले. डबा घेऊन टेबलापाशी गेले, बसले, आणि घंटा होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.